हरभऱ्यात उतरणारे हंस आणि दोन भावांचा हिशेब

पत्र करमाळा तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्यांची उजनीच्या फुगवट्याकाठी वर एक एकर मालकीची जमीन आहे आणि खाली पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी, पूर्वी त्यांच्या आजोबांची असलेली दोन एकर गाळपेर. गाळपेरीत त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरभरा पेरला. संक्रांतीला घरचे सगळे गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला गेले, दोन रात्री राखणीला कुणी नव्हतं. परत येऊन पाहतात तो पाण्याकडच्या पट्ट्यातले शेंडे साफ खुडलेले. "डोक्यावर काळे पट्टे असलेले चार-पाचशे हंस रोज रात्री उतरतात. डबडी वाजवून झाली, सुतळी बॉम्ब लावून झाले, बुजगावण्यावर तर ते बसायचेच बाकी राहिले. अर्धं पीक गेलं," असं ते लिहितात. चुलते म्हणतात, भिजवलेल्या हरभऱ्यात थिमेट कालवून टाक, दोन दिवसांत प्रश्न मिटेल. धाकटा भाऊ होडी चालवतो, पुण्या-मुंबईचे पक्षी बघणारे लोक फिरवतो. तो म्हणतो, एक जरी पक्षी मेला तरी माझा धंदा बसला. तेव्हापासून भावाभावांत धड बोलणं नाही. "परदेशात अशा पक्ष्यांची संख्या सरकार कमी करतं म्हणे, इथे का करत नाही? आणि माझ्या हरभऱ्याचे पैसे कोण देणार?" असे त्यांचे प्रश्न आहेत.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चुलत्यांचा विषय आधी हातावेगळा करू, कारण तो सगळ्यात सोपा आहे. थिमेट म्हणजे फोरेट. त्याच्या विक्रीवर आणि वापरावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कुणाच्या कोठीत जुना डबा शिल्लक असेल तर तो तिथून शेतात येऊ देऊ नका. विष खाल्लेला पक्षी तुमच्या शेतात मरत नाही, तो उडून पाण्यावर जातो आणि तिथे मरतो. त्याला घार खाते, कुत्रं खातं, मासे टोचतात. त्याच पाण्यातून सोलापूर शहराला नळाने पाणी जातं आणि तुमच्या वस्तीची जनावरंही तेच पितात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये विष घालणं, फासे लावणं, जाळ्यात धरणं हे सगळं शिकारीतच मोजलं आहे, तसा नुसता प्रयत्न केला तरीही. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विजेच्या तारेवर आकडा टाकून पिकात तार सोडण्याचा विचार कुणी मांडला तर त्याचंही उत्तर हेच, फक्त तिथे पहिला बळी बहुधा माणसाचा जातो. आपल्या शेतातून पक्षी हुसकावून लावायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. पुढचं सगळं बोलणं त्या चौकटीत राहून करू.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत: खाणारे हंसच आहेत, ते चार-पाचशे आहेत आणि अर्धं पीक गेलं आहे. तिन्ही खऱ्या असू शकतील. पण तिन्ही तुम्ही रात्रीच्या अंधारात आणि सकाळच्या रागात ठरवल्या आहेत. दिवसा मोजून बघू.

हा पक्षी पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, पिवळी-नारिंगी चोच आणि पाय, वजन दोन ते तीन किलो. दिवसा तो पाण्याकाठच्या उघड्या गाळावर थव्याने बसून असतो, तिथलंच गवत चरतो आणि संध्याकाळनंतर पिकांत चरायला निघतो. पण तुमच्या भागात पिकावर तो एकटाच येत नाही. चक्रवाक, म्हणजे भगव्या रंगाचं ब्राह्मणी बदक, रात्री चरतं. कांड्या करकोचे दिवसा थव्याने हरभऱ्यात उतरतात. काळवीट, ससा आणि रानडुक्कर यांची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. कोण आलं होतं ते सकाळी सातच्या आत, ऊन चढायच्या आधी शेतात वाकून बघा. हंसाच्या पायाचा ठसा तीन बोटांचा आणि मधे पडदा असलेला असतो. ओल्या गाळात पडद्याची कडही उमटते. करकोच्याचीही तीनच बोटं, पण लांब आणि पडद्याविना. हंसाची विष्ठा बोटाएवढ्या जाडीच्या, पाच ते आठ सेंटिमीटर लांब हिरवट कांड्यांसारखी असते आणि एका टोकाला पांढरं लागलेलं असतं. फोडून बघा, आत पाल्याचा चोथा जवळजवळ तसाच दिसेल. शेंडा कसा तुटलाय तेही पाहा. हंस चोचीत धरून हिसडा देतो, त्यामुळे टोक फाटकं दिसतं. सशाने कुरतडलेलं टोक सुरीने तिरपं कापल्यासारखं असतं आणि जवळ गोल लेंड्या सापडतात. डुक्कर उकरतं, ते लपत नाही. हरणाच्या खुरांचे ठसे पाण्याच्या बाजूने नाही, माळाच्या बाजूने येतात. दोन-तीन सकाळी असं बघितलंत की चोर एक आहे की तीन, ते कळेल. हे पाहायचं कारण साधं आहे: काळविटासाठी नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा चालतो आणि हंसासाठी केलेली दोरी सशाला अडवत नाही.

आता चार-पाचशेचा आकडा. पाण्यावर दिवसा पाचशे बसले म्हणून रात्री पाचशेच्या पाचशे तुमच्याच रानात येतात असं नाही. मोजायची एक सोपी रीत आहे. हंसाला गाईम्हशीसारखा रवंथाचा कोठा नाही. पाला पोटात जातो, वरवरचा रस शोषला जातो आणि तास-दोन तासांत बाकीचा बाहेर पडतो. म्हणून चरत असताना तो साधारण दर चार-पाच मिनिटांनी विष्ठा टाकतो. एक खुंटी आणि तिला बांधलेली 1 मीटर 13 सेंटिमीटरची दोरी घ्या. खुंटी रोवून दोरी फिरवली की 4 चौरस मीटरचं वर्तुळ होतं. शेतात पाण्याच्या कडेपासून वरच्या बांधापर्यंत अशी दहा वर्तुळं आखा, खुणेला चुना टाका आणि आतली जुनी विष्ठा उचलून टाका. तीन रात्रींनंतर जाऊन नवीन कांड्या मोजा. समजा दहा वर्तुळांत मिळून 40 सापडल्या. म्हणजे 40 चौरस मीटरला 40, मीटरमागे एक. एकराला, म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटरला 4,000. पाच मिनिटांना एक धरली तर 20,000 मिनिटांचं चरणं, म्हणजे सुमारे 333 तास. तीन रात्रींत वाटून रात्रीला 111 तास. पक्षी रात्रीतले पाच तास चरले असं धरलं तर एकरात सरासरी बावीस पक्षी. पाचशे आणि बावीस यांच्यासाठी करायचे उपाय सारखे नसतात. शिवाय वर्तुळनिहाय आकडे लिहून ठेवलेत तर त्रास कुठे आहे हेही उघड होईल. बहुतेक वेळा पाण्याकडच्या पहिल्या दोन-तीन वर्तुळांत ढीग सापडतो आणि बांधाजवळची कोरी असतात.

(विष्ठेनं रानाला खत मिळतं, असं सांगणारेही तुम्हाला भेटतील. मिळतं, पण ते तुमच्याच पिकातून उचललेलं असतं.)

तिसरी गोष्ट, अर्धं पीक. इथे जरा थांबू, कारण सगळा हिशेब याच्यावर उभा आहे. हरभरा पेरून महिना-सव्वा महिना झाला की तुमच्या घरातल्या बायकाच शेतात जाऊन शेंडे खुडतात, भाजीसाठी आणि फुटवे वाढावेत म्हणूनही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं पीक संक्रांतीला नेमकं त्याच वयाचं होतं. म्हणजे हंसांनी केली ती खुडणीच, फक्त न विचारता आणि जरा जास्त. खुडलेली पन्नास झाडं हातात धरून बघा. जमिनीपासून पाच-सहा सेंटिमीटर खोड उरलं आहे, त्यावर पानं आहेत, पानांच्या बगलेत नवे फुटवे दिसतायत? तर ते झाड उभं राहील, फुलोऱ्याला आठ-दहा दिवस उशीर होईल इतकंच. फुलं लागताना 2 टक्के युरियाची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, एवढी मदत त्याला पुरते. पण नुसता बुडखा उरला असेल, झाड मुळासकट उपटलं असेल किंवा ओल्या गाळात तुडवून चिखल झाला असेल तर ते गेलं. हंसांनी खरं नुकसान करायच्या वेळा दोन: उगवणीनंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस, जेव्हा झाड धरलं की मुळासकट येतं, आणि फुलोऱ्यानंतर, जेव्हा नवा फुटवा यायला वेळ उरत नाही. तुमची पहिली वेळ निभावली आहे. दुसरी आता तोंडावर आहे.

उरलेल्या हंगामाचं नुकसान खरोखर किती, हे कळायला चार पिंजरे करा. कोंबड्यांसाठी मिळते ती जाळी, एका पिंजऱ्याला साधारण 3 मीटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, वरून बंद, चार कोपऱ्यांना खुंट्या. दोन पाण्याकडच्या पट्ट्यात, दोन वर. प्रत्येक पिंजऱ्यापासून चार पावलांवर तेवढाच उघडा तुकडा चार काटक्या रोवून आखून ठेवा. तुकडा निवडताना दोन्हीकडची झाडं आज सारखी दिसतील असाच निवडा, नाहीतर पिंजऱ्यात आपण चांगली झाडं कोंडतो आणि नंतर नुकसान फुगलेलं दिसतं. काढणीला आठही तुकडे वेगळे उपटा, वाळवा, झोडपा, तोला. समजा पिंजऱ्यात सरासरी 160 ग्रॅम आले आणि उघड्यावर 140. मीटरमागे 20 ग्रॅम, एकराला 80 किलो. मग तुम्ही भावाशी, वनरक्षकाशी किंवा ग्रामसभेत बोलाल ते 80 किलोचं बोलाल, "अर्धं पीक" असं बोलणार नाही. कदाचित आकडा 200 किलोही निघेल. निघाला तर तोही तोललेला असेल आणि कुणाला हसण्यावारी नेता येणार नाही.

संख्या कमी करण्याबद्दल तुम्ही विचारलंत. अमेरिकेत आणि कॅनडात गावात कायम राहणाऱ्या कॅनडा हंसांच्या घरट्यांतली अंडी तेल लावून ठेवतात. कवचाची भोकं बुजतात, पिल्लू वाढत नाही आणि मादी मात्र बसून राहते. ती युक्ती घरटं हाताशी असेल तिथली. तुमच्याकडे येणारे कादंब घरटी करतात लडाखमध्ये, तिबेटात, मंगोलियात. तुमच्या काठावर एक अंडं नाही. इथे दहा मारले तर पाण्यावर बसलेल्यांतले दुसरे दहा त्याच पट्ट्यात उतरतील, कारण त्यांना खेचणारी गोष्ट म्हणजे पाण्यालगतचा कोवळा पाला, आणि ती तशीच राहिली आहे. स्कॉटलंडच्या आयला बेटावर ग्रीनलंडहून हजारो हंस हिवाळ्याला येतात आणि शेतकऱ्यांची गवताची रानं चरतात. तिथे वर्षानुवर्षं सरकारी योजनेतून शेतकऱ्यांना पैसे दिले जात आहेत, आणि तरी वाद संपलेला नाही. आपल्याकडे हिमाचलच्या पोंग धरणावर याच पट्टकादंबांचे हजारोंचे थवे उतरतात आणि पाणी ओसरलेल्या जमिनीत पेरलेल्या पिकावरून तुमच्यासारखीच भांडणं होतात. म्हणजे तुम्ही एकटे नाही, आणि संख्या घटवून कुणी सुटलंय असंही नाही. चरण्याची जागा हलवता येते. तेवढंच आपल्या हातात आहे.

मग डबडी आणि सुतळी बॉम्ब का फसले? पहिले तीन-चार दिवस ते चालले असणार. हंस हुशार पक्षी आहे, आवाजामागे काही येत नाही हे त्याला आठवड्याच्या आत कळतं. एकाच जागी उभं बुजगावणं तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ओळखीचं होतं. चमकणाऱ्या पट्ट्यांची गोष्ट निराळी. त्या उन्हात चांगल्या, पण रात्री उजेडच नाही तर चमकणार काय? करकोच्यांसाठी त्या लावा, हंसांसाठी लावून पैसे घालवू नका.

रात्री चालतो तो लुकलुकणारा दिवा. रानडुकरांसाठी मिळतात तसले सौरऊर्जेवरचे, एकराला तीन-चार. माणसाच्या उंचीवर टांगू नका, हंसाच्या डोळ्याच्या उंचीला, जमिनीपासून एक ते दीड फुटावर, तोंड पाण्याकडे. दर तिसऱ्या दिवशी जागा बदला. त्यासोबत माणूस हवा, रोज नाही, पण ठरावीक वेळी. थवा शेतावर घिरट्या घालून उतरायच्या आधी, दिवेलागणीनंतरचा पहिला तास-दीड तास, बॅटरीचा झोत आणि हाकारा. एकदा उतरून पोटभर चरले की ती जागा त्यांच्या लक्षात राहते आणि दुसऱ्या दिवशी ते सरळ तिथेच येतात. म्हणून गड्ड्याच्या त्या दोन रात्री तुम्हाला एवढ्या महाग पडल्या. चांदण्या रात्री चरणं वाढतं, तेव्हा पौर्णिमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या पाच-सहा रात्री राखण पक्की ठेवा, अमावास्येच्या आसपास झोपा. फेब्रुवारीत जोर आणखी वाढेल, कारण मार्चमध्ये त्यांना हिमालय ओलांडून परत जायचं असतं. या पक्ष्याचं उड्डाण 7,000 मीटरच्या वर मोजलं गेलं आहे आणि त्या प्रवासाची चरबी तुमच्याच काठावर साठते.

बरेच हंस पाण्याच्या काठावर उतरून चालत पिकात शिरतात. त्यांच्यासाठी पाण्याकडच्या बाजूला दोन दोऱ्या ताणा, एक घोट्याएवढी, 15 सेंटिमीटरवर, दुसरी 35 सेंटिमीटरवर. एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर बाजू सुमारे 64 मीटर, म्हणजे दोरी 130 मीटर आणि तीन-तीन मीटरवर बाभळीच्या किंवा बांबूच्या बावीस काठ्या. दोरी जाड आणि पांढरी घ्या, तिला हातभर अंतरावर कापडाच्या चिंध्या बांधा. बारीक नायलॉनचा दोरा किंवा मांजा अजिबात नको. त्यात पाय-पंख अडकून पक्षी लटकतो, आणि मग तुमचं कुंपण कायद्याच्या भाषेत फासा होतं. ही दोरी उडत येणाऱ्याला अडवत नाही हे लक्षात ठेवा. तरी त्यांना कुंपणाच्या आत उतरणं आवडत नाही, कारण पळायची वेळ आली तर धावायला मोकळी वाट लागते. पाणी मागे सरकलं की दोरीही खाली सरकवायची.

पण हुसकावलेला पक्षी कुठे तरी बसणारच. जायला जागा नसेल तर तो शेजाऱ्याच्या रानात जाईल, शेजारी तुमच्याकडे ढकलेल आणि दोघं रात्रभर फटाके उडवत बसाल. पाण्याच्या कडेला पाणी ओसरताच जे कोवळं गवत आणि लव्हाळा उगवतो, तो हंसाचा आवडीचा चारा. तुमच्याकडे प्रत्येकजण पाण्याला टेकेपर्यंत पेरतो, त्यामुळे गवताला जागाच राहत नाही. पाण्यालगतचा दहा गुंठ्यांचा पट्टा न पेरता सोडला, तिथे ना दिवा लावला ना हाकारा केला, आणि वरच्या बाजूला मात्र दोरी, दिवे, बॅटरी असं सगळं ठेवलं, तर थवा खाली राहतो. तुमच्या शेजारच्या तीन-चार जणांनी सलग पट्टा सोडला तर आणखी चांगलं, तुटक तुकड्यांपेक्षा लांब पट्टा त्यांना सुरक्षित वाटतो. यंदा जो पट्टा साफ खुडला गेला आहे, तोच आता हंसांचा म्हणून सोडून द्या. तिथे पुन्हा हरभरा टोकण्यात अर्थ नाही, जानेवारीअखेर पेरलेला हरभरा उन्हात सापडेल. त्याच्या वरच्या अंगाला बुडखेच उरलेली जागा असेल तर चारा मका करा. पहिले पंधरा दिवस राखावा लागेल, मग गुडघ्याएवढा झाला की हंस त्यात शिरत नाही, कारण त्याला मान वर करून चहूकडे दिसलं पाहिजे.

हीच गोष्ट पुढच्या वर्षी कामाला येईल. वरच्या मालकीच्या एकराला पाण्याच्या बाजूने करडईच्या चार-पाच ओळी वेळेवर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरा. काटेरी आणि उंच असल्यानं तिची भिंत होते, ढोरांसाठी आपले वाडवडील करायचेच. गाळपेरीत पेरणी उशिरा होते, तिथे करडई वेळेत उंच होत नाही, तिथे तिच्यावर विसंबू नका. आणि गाळपेरीत पाणी जसं सरकेल तसं टप्प्याटप्प्याने पेरण्याऐवजी शेजाऱ्यांसोबत एकाच आठवड्यात पेरा. एकाचंच रान कोवळं असलं की सगळा थवा त्याच्यावर पडतो.

आता भाऊ. हंस त्याचे आणि हरभरा तुमचा, अशी तुम्ही दोघांनी वाटणी करून टाकली आहे. खरं तर दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकल्या आहेत. त्याला एक प्रश्न विचारा, भांडण म्हणून नाही: होडी थव्याच्या किती जवळ नेतोस? फोटोसाठी उडता थवा हवा म्हणून होडी अंगावर घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे. दिवसा गाळावर निवांत बसून गवत चरणारा थवा दिवसातून सहा वेळा उठवला तर दोन गोष्टी होतात. त्याची ताकद उडण्यात जाते आणि भूक वाढते, आणि दिवसा न मिळालेला चारा तो रात्री भरून काढतो. कुठे, ते तुम्हाला माहीत आहे. होडी शंभर मीटरवर थांबवायची, इंजिन बंद, थव्याच्या बाजूने समांतर जायचं, सरळ रोख धरायचा नाही. पक्षी माना ताठ करून एका दिशेला बघू लागले की आणखी पुढे जायचं नाही. असं केलं तर त्याच्या गिऱ्हाइकाला थवा जास्त वेळ दिसेल आणि तुमच्या रानात भुकेले पक्षी कमी येतील.

आणि पैशाचं बोला. तुम्ही दहा गुंठे सोडणार, म्हणजे पाव एकर. एकरी सहा क्विंटल धरलं तर दीड क्विंटल हरभरा. हा पट्टा तुमचा, पण त्यावर बसणारे हंस दाखवून तो कमावतो. दीड क्विंटलाची किंमत, काढणीच्या दिवशी करमाळ्याच्या बाजार समितीत जो भाव असेल त्या भावाने, हंगामाच्या शेवटी त्यानं तुम्हाला द्यावी असं सुचवून बघा. त्यातून बियाणं आणि मशागतीचा वाचलेला खर्च वजा करा, न पेरलेल्या रानाला तो लागत नाही. आकडा लहानच निघेल. दुसरे होडीवालेही त्याच थव्यावर चालत असतील तर ते त्यांच्यात वाटलं जाऊ शकतं. भावाकडून पैसे घ्यायला मन धजत नसेल तर दिवे आणि दोरी त्यानं आणावी आणि पौर्णिमेच्या आठवड्यात राखणीला दोन रात्री यावं, तेही चालेल. चुलत्यांना त्या बैठकीला बोलवा. पिंजऱ्यातलं आणि बाहेरचं पीक शेजारी बघितलं की तेही कदाचित गप्प होतील.

सरकारी भरपाईबद्दल आशा बेताची ठेवा. राज्यात पीक नुकसानीची जी भरपाई वनविभाग देतो, ती रानडुक्कर, हरीण, रोही, गवा, माकड असल्या प्राण्यांच्या नावाने चालते. तुमच्या शेतात हंसासोबत काळविटाच्या लेंड्या आणि खुरांचे ठसे सापडले तर तो अर्ज जरूर करा. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, ठशाशेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून काढलेले फोटो जोडा आणि पोच घ्या. हंसांबद्दलही लेखी अर्ज द्या, नकार आला तरी लेखी घ्या. मागणी कागदावर नसेल तर यादी कधीच बदलत नाही. त्याआधी स्वतःचा कागद तपासा. जमीन आजोबांची होती हे खरं असलं तरी आज गाळपेर जमीन जलसंपदा विभागाची आहे आणि ती एकसाली भाडेपट्ट्याने कसायला मिळते. यंदाची पावती तुमच्या नावावर आहे का? नसेल तर त्या दोन एकरांवर कसलीही भरपाई मागायला तुम्ही उभे राहू शकत नाही. मालकीच्या एकराचा सातबारा आणि पीकपेरा मात्र चोख ठेवा.

आणखी एक गोष्ट, हंगाम संपेपर्यंत लक्षात ठेवायची. 2005 मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर आणि 2020-21 च्या हिवाळ्यात पोंग धरणावर बर्ड फ्लूने हे पट्टकादंब हजारोंनी मेले. काठावर एखादा मेलेला किंवा मान वाकडी करून भोवळल्यासारखा फिरणारा हंस दिसला तर हात लावू नका, कुत्र्याला लावू देऊ नका, उचलून पुरू नका. जागा लक्षात ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा, आणि घरच्या कोंबड्या-बदकं आठ-पंधरा दिवस काठाकडे सोडू नका. असा पक्षी सापडला आणि गावात कुणी "विष घातलंय" म्हणून तुमच्याकडे बोट दाखवलं, तर तुमच्या चुलत्यांनी चारचौघांत थिमेटाचं नाव काढलेलं लोकांना आठवेल. तो डबा कुठे आहे ते आजच बघा. त्यातलं ओढ्यात ओतू नका, पुरूही नका. तालुका कृषी कार्यालयात विचारून तो सुपूर्द करा.

मार्चअखेर थवे गेले की दोऱ्या, काठ्या, चिंध्या सगळं उचला. पावसाळ्यात पाणी वर चढलं की तेच सगळं मासेमारांच्या जाळ्यांत अडकतं आणि मग नवीन भांडण, या वेळी भोयांशी. पिंजरे मात्र जपून ठेवा, पुढच्या पेरणीला उगवणीच्या पहिल्याच दिवशी ते लागतील.